सोलापूरच्या रानातले शिकारी कीटक कसे नोंदवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहर, उत्तर व दक्षिण सोलापूर, मोहोळ, मंगळवेढा, सांगोला या भागांत शिकारी कीटकांच्या नोंदी घ्यायला निघालेल्या विद्यार्थ्यांसाठी, शिक्षकांसाठी आणि बागायतदारांसाठी ही उत्तरं आहेत. आकडे, मापं आणि वेळा कोरड्या हवेच्या, काळ्या मातीच्या मुलखाला धरून दिल्या आहेत. कोकणात त्या जशाच्या तशा लागू पडणार नाहीत.

शिकारी कीटक नेमका कोणाला म्हणायचं? कोळी धरायचा का?

जो कीटक वाढता वाढता एकापेक्षा जास्त भक्ष्यं मारून खातो, तो शिकारी. ट्रायकोग्रामाची इवलीशी माशी दुसऱ्या कीटकाच्या एकाच अंड्यात वाढून बाहेर पडते, म्हणून ती परजीवी. शेतीच्या पत्रकांत दोघांनाही ‘मित्रकीटक’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोळ्याला आठ पाय असतात, तो कीटकच नाही. पण सापळ्यात तो येणारच, तेव्हा फेकू नका. वेगळ्या बाटलीत भरून बाटलीवर तारीख टाका, कोळ्यांवर काम करणारं कोणीतरी पुढे भेटतं.

आपल्याकडे प्रामुख्याने भेटतात ते चतुर आणि टाचण्या, खंडोबा म्हणजे प्रार्थनाकीटक, मुंगीसिंह, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवट कीटक), ढालकिडे, वाघभुंगेरे आणि जमिनीवर पळणारे इतर भुंगेरे, मारेकरी ढेकूण, दरोडेखोर माश्या, सिरफिड माशीच्या अळ्या, कुंभारीण आणि गांधीलमाश्या. मुंग्या मोजायच्या की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा आणि वर्षभर तेच पाळा. मध्येच मुंग्या घेतल्या तर यादी एकदम फुगते आणि सुरुवातीच्या महिन्यांशी तुलना करता येत नाही.

लाल-पिवळा ठिपकेवाला ढालकिडा दिसला की तो मित्र समजावा का?

नाही. वांग्याच्या, भोपळ्याच्या पानाला चाळणी करणारा २८ ठिपक्यांचा हेनोसेपिलाक्ना हाही ढालकिडाच, पण तो पानं खातो. त्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे ती मंद, मखमली दिसते. मावा खाणाऱ्यांची पाठ गुळगुळीत आणि चकचकीत. हेनोसेपिलाक्नाच्या अळीच्या अंगावर फांद्या फुटलेले काटे असतात. पिवळाधमक इलेइस तर पानावरची भुरी (पांढरी बुरशी) खातो, म्हणजे तोही शिकारी नाही. भुरी पडलेल्या वेलावर तो थव्याने दिसला की लोक ‘मित्रकीटक वाढले’ म्हणून फोटो टाकतात.

आपल्याकडे खरे शिकारी म्हणून सर्वांत आधी भेटतात ते नागमोडी काळ्या पट्ट्यांचा केलोमेनेस सेक्समॅक्युलाटा, सात ठिपक्यांचा आणि आडव्या पट्ट्यांचा कॉक्सिनेला.

उलटी चूक डाळिंबाच्या आणि द्राक्षाच्या बागेत होते. पिठ्या ढेकणावर सोडलेल्या क्रिप्टोलीमसची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झुबक्यांनी मढलेली असते. ऑस्ट्रेलियातून हा ढालकिडा भारतात १८९८ मध्ये आणला गेला, तरी आजही त्याची अळी ‘मोठा पिठ्या’ समजून चिरडली जाते. काडीने हलकेच डिवचा. पिठ्या ढेकूण जागचा हलत नाही, हलला तरी सुस्त. क्रिप्टोलीमसची अळी तुरुतुरु चालू लागते, तिचे मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले असतात, आणि उलटी केली की तीन जोड्या पाय स्पष्ट दिसतात.

‘नोंद’ म्हणजे किमान काय लिहायचं?

जागा, तारीख, वेळ, पद्धत, किती मेहनत घेतली, काय दिसलं, किती दिसले. यातली मेहनत सगळ्यांत जास्त वेळा गळते आणि तीच सगळ्यांत मोलाची. ‘१२ ढालकिडे’ या वाक्याला काही अर्थ नाही. ‘मालदांडी ज्वारी, पोटरीत, जाळीच्या २५ फटकाऱ्यांत १२ ढालकिडे’ याला अर्थ आहे. काहीच मिळालं नाही तर शून्य लिहा. शून्य न लिहिणाऱ्याची वही पाहून कीटक होते की नाही हे कळत नाही, एवढंच कळतं की तो कधी खूश झाला.

जागेसाठी गावाचं नाव पुरत नाही. फोनवरून अक्षांश-रेखांश दशांश चार स्थळांपर्यंत घ्या, ते साधारण १० मीटरपर्यंत नेतात. फोनने दाखवलेली अचूकताही लिहा. झाडाखाली किंवा इमारतीलगत ती ३०–४० मीटरवर जाते. आणि शिकार तोंडात असेल तर भक्ष्य काय होतं ते लिहाच. कोण कोणाला खातं याच्या नोंदी अजून फार तोकड्या आहेत, आणि त्यासाठी भिंग लागत नाही, थांबायची तयारी लागते.

सोलापुरात सुरुवात कुठे करावी?

घराजवळ. सिमेंटच्या हौदाच्या भिंतीवर बसणारा राखाडी, ठिपक्याठिपक्यांचा ब्रॅडिनोपिगा चतुर शहरातच वाढतो. मग सिद्धेश्वर तलाव, कंबर तलाव, आणि हिप्परग्याचा एकरूख तलाव (१८७१ चा). एकरूखच्या काठाचं पाणी उतरलं की ओल्या गाळावर वाघभुंगेरे पळताना दिसतात. ज्वारी-करडईचं रान, डाळिंबाची बाग, उसाचा फड आणि उघडं माळरान अशा चार जागा निवडल्या की तुलना करायला पुरेसं होतं. दहा जागा निवडून दोनदाच जाण्यापेक्षा चार जागी वर्षभर जाणं कधीही बरं.

परवानगी लागते का?

खासगी शेतात मालकाला विचारणं पुरतं, पण विचारायचंच. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं आहे. तिथे एकही कीटक उचलायचा नाही, सापळाही लावायचा नाही, जोवर वनविभागाची लेखी परवानगी हातात नाही. फोटो काढायला जातानाही प्रवेशाचे नियम पाळा आणि रस्ता सोडू नका. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या अनुसूचीतल्या कीटकांत बहुतेक फुलपाखरंच आहेत, पण अभयारण्याच्या हद्दीत हा युक्तिवाद चालत नाही. नमुने परदेशी तज्ज्ञाकडे ओळखीसाठी पाठवायचे असतील तर जैविक विविधता कायदा, २००२ आड येतो. आधी भारतातच विचारा.

वर्षातला कोणता काळ चांगला?

एकच काळ निवडाल तर यादी लंगडी होईल. आपल्या जिल्ह्यात पावसाचा मोठा वाटा सप्टेंबरात पडतो, मधे जुलै-ऑगस्टमध्ये बऱ्याचदा ताण बसतो. म्हणून जूनअखेर, सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर, डिसेंबर-जानेवारी आणि एप्रिल अशा चार फेऱ्या तरी हव्यात.

डिसेंबर-जानेवारीत ज्वारीवर आणि करडईवर मावा चढतो, पानं चिकट्याने चकाकतात, आणि त्याच्यामागे ढालकिडे, सिरफिड, क्रायसोपा येतात. हे एका आठवड्यात होत नाही. मावा आधी वाढतो, शिकारी नंतर. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊन ‘मित्रकीटक नाहीत’ असं लिहिणारे बरोबर पाहतात आणि चुकीचा निष्कर्ष काढतात. एप्रिलमध्ये जाळीत काही येत नाही, पण मुंगीसिंहाचे खड्डे मोजायचा तोच काळ. देवळाच्या ओवरीखाली, कडुनिंबाच्या बुंध्याशी, जिथे पाऊस पोचत नाही आणि माती पिठासारखी असते, तिथे पाहा.

जाळी घरी बनवता येते का? किती फटकारे मारायचे?

येते, आणि शेतासाठी तीच चांगली. ४ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड तार सुमारे १४० सेंटिमीटर घ्या. ३८ सेंटिमीटर व्यासाचं कडं होऊन दोन्ही टोकांना दांड्यात बसवायला १० सेंटिमीटर उरते. दांडा ८०–९० सेंटिमीटरचा, हलका. पिशवी मांजरपाटाची, ७५ सेंटिमीटर खोल, तळाला गोलसर. कोपरा राहिला तर कीटक त्यातच अडकतात. कड्याभोवती जाड कापडाची पट्टी लावा, कारण ज्वारीच्या पानाची धार आधी तीच जागा कापते. मच्छरदाणीचं नायलॉन बाभळीला लागताच फाटतं, शिवाय ओरियससारखा २ मिलिमीटरचा ढेकूण त्यातून सहज निसटतो.

पावलाला एक फटकारा, २५ फटकाऱ्यांचा एक नमुना, एका शेतात चार नमुने, बांधापासून किमान ५ मीटर आत. शेवटच्या फटकाऱ्याला मनगट फिरवून पिशवी कड्यावर दुमडायची, नाहीतर माश्या पहिल्याच क्षणी पसार होतात. दव असताना जाळी मारू नका. कापड ओलं होतं, क्रायसोपाचे पंख त्याला चिकटतात आणि हाती लगदा येतो. थंडीत साडेनऊनंतर सुरू करा. गुडघ्याएवढ्या पिकात घेतलेला नमुना आणि पुरुषभर ज्वारीत घेतलेला नमुना एकमेकांशी ताडता येत नाहीत, हे लक्षात ठेवून पिकाची उंचीही लिहा.

छोटे कीटक उचलायला चोषक वापरतात: ५० मिलिलिटरची पारदर्शक बाटली, बुचातून दोन नळ्या, तोंडाकडच्या नळीच्या आतल्या टोकाला मलमल. मुंग्या आणि जमिनीवरचे भुंगेरे मात्र याने ओढू नका. त्यांचं आम्ल थेट घशात जातं.

खड्ड्याचे सापळे काळ्या मातीत टिकत का नाहीत?

कारण माती हलते. जमिनीवरचे भुंगेरे पकडायला प्लॅस्टिकचा पेला तोंडापर्यंत पुरतात. पुस्तकातली ही कृती मुरमाड माळावर बिनतक्रार चालते. काळ्या रानात उन्हाळ्यात पेल्याभोवती भेग पडते आणि कीटक पेल्यात न पडता भेगेत जातात. पावसाळ्यात तीच माती फुगते, पेला पिळवटते आणि चक्क वर ढकलते. काठ जमिनीच्या अर्धा सेंटिमीटर वर आला तरी लहान भुंगेरे वळसा घालून जातात आणि तुमच्या वहीत शून्य येतं.

उपाय साधा आहे. पेल्यापेक्षा ५ सेंटिमीटर रुंद खड्डा घ्या आणि पेल्याभोवती सगळीकडून बारीक वाळू भरा. फुगणं-आकसणं वाळू पचवते. एकात एक असे दोन पेले बसवा, ९ सेंटिमीटर तोंडाचे, १२ सेंटिमीटर खोल. बाहेरचा कायम राहतो, आतला उचलून रिकामा करता येतो. आतल्या पेल्याच्या वरच्या भागाला दोन बारीक भोकं पाडली तर पावसाचं जास्तीचं पाणी निघून जातं, नमुने वाहत नाहीत. भोकांवर मलमल चिकटवायला विसरू नका.

द्रव म्हणून १०० मिलिलिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे विरघळेल तेवढं, आणि बिनवासाच्या भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि कीटक तळाला जातो. गाडीचं कूलंट वापरू नका. त्यातलं इथिलीन ग्लायकॉल गोड असतं आणि कुत्री-शेळ्या मरतात. मीठही शेळ्या चाटायला येतात, म्हणून वर २ सेंटिमीटर भोकांची तारजाळी ठोका. तिने सरडे आणि बेडूकही वाचतात. त्यावर फरशीचा तुकडा तीन खड्यांवर, २ सेंटिमीटर उंच.

दहा पेले, १० मीटरच्या अंतराने, एका ओळीत. पुरल्यावर लगेच उघडू नका. ताज्या उकरलेल्या मातीकडे भुंगेरे आणि मुंग्या ओढल्या जातात आणि पहिले दोन दिवस आकडा फसवा येतो. पाच दिवस झाकण लावून ठेवा, मग ४८ तास उघडे. एप्रिल-मे मध्ये ४८ तासांपुढे नेलंत तर पाणी उडून मिठाच्या खड्यांत भुंगेरे सापडतील. नमुने आधी साध्या पाण्यात धुवा आणि मगच अल्कोहोलमध्ये टाका. न धुता टाकले तर सुकल्यावर अंगावर पांढरी खपली चढते आणि ठिपके दिसत नाहीत.

दिव्याचा सापळा कसा लावायचा, किती उपयोग?

खंडोबा, मुंगीसिंहाचे प्रौढ, क्रायसोपा आणि बरेच भुंगेरे दिव्यावरच भेटतात, त्यामुळे उपयोग मोठा. १६० वॅटचा मर्क्युरी बल्ब चालतो, पण गरम काचेवर पावसाचा एक थेंब पडला तरी ती तडकते. वीज नसलेल्या रानात अतिनील एलईडी पट्टी आणि १२ व्होल्टची बॅटरी सोयीची. अतिनील दिव्याकडे टक लावून पाहू नका.

पडदा ६ बाय ४ फूट, पांढरा, सुती, साधा. सोलापुरी चादर घरात कितीही असल्या तरी इथे कामाच्या नाहीत. जाड जॅकार्ड विणीत छोटे कीटक दडतात आणि रंगीत नक्षीवर फोटोत कडा हरवतात. जुनं धोतर उत्तम. पडद्याचा फूटभर भाग जमिनीवर पसरू द्या, कारण जमिनीवरचे भुंगेरे वर चढत नाहीत, खालीच घोटाळतात.

संध्याकाळी ७ ते १०, दर अर्ध्या तासाला मोजणी. अमावास्येच्या आगेमागे पाच दिवस. पौर्णिमेला आणि वाऱ्याच्या रात्री आकडा पडतो. पहिल्या मोठ्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले इतके येतात की पडदा दिसत नाही. ती रात्र वाया गेली असं समजू नका. पडद्याच्या काठावर उलटा लटकलेला खंडोबा एकामागून एक पतंग उचलत असतो, आणि भक्ष्याच्या नोंदी मिळायला याहून सोपी जागा नाही.

एक मर्यादा मात्र ध्यानात ठेवा. दिवा लांबून कीटक ओढतो, तेव्हा ‘डाळिंबाच्या बागेत मुंगीसिंह मिळाला’ असं लिहू नका. ‘बागेत लावलेल्या दिव्यावर मिळाला’ असं लिहा.

झाडाझुडपांवरचे कसे मिळवायचे?

१ मीटर चौरस पांढरं कापड दोन आडव्या काड्यांवर ताणून फांदीखाली धरा आणि फांदीला काठीने दहा झटके द्या. बोर, बाभूळ, तरवड, डाळिंब, सगळीकडे चालतं. फुलोऱ्यात आणि फळधारणेत डाळिंबाला झटके देऊ नका. शेतकरी पुन्हा बागेत घेणार नाही, आणि बरोबरच आहे त्याचं. तिथे २० फांद्या नुसत्या पाहून मोजा आणि मृग, हस्त की आंबे बहार तेही लिहा.

चतुर आणि टाचण्या मोजताना काय चुकतं?

काठाने २०० मीटर, अर्ध्या तासात, दोन्ही बाजूंना अडीच मीटर, सकाळी साडेनऊ ते बारा. ढग आले की चतुर बसून राहतात, म्हणून ऊन होतं की नाही लिहा. पंख बसताना पसरलेले तर चतुर, बहुतेकदा मिटलेले तर टाचणी. लेस्टेससारख्या काही टाचण्या अर्धवट उघडे ठेवतात.

सर्वांत मोठी चूक पँटाला फ्लॅवेसेन्सची. हा पिवळसर भटक्या चतुर पावसाच्या वाऱ्याबरोबर हजारो किलोमीटर जातो, भारतातून हिंदी महासागर ओलांडून पूर्व आफ्रिकेपर्यंत. डोक्यावर घिरट्या घालणारे तेच ते पाच चतुर दर फेरीला मोजले की २०० होतात. त्यांच्यासाठी वेगळी रीत ठेवा: दर पाच मिनिटांनी थांबून एका नजरेत जास्तीत जास्त किती दिसतात तेवढाच आकडा घ्या.

दिसला म्हणजे इथे वाढला असं नाही. काठच्या गवतावर, दगडावर सोडलेली अप्सरेची (पाण्यात वाढणाऱ्या पिल्लाची) कात सापडली तरच इथे वाढल्याचा पुरावा. कात न मोडता काड्यापेटीत ठेवा. पँटालाची अप्सरा पावसाच्या डबक्यात सहा-सात आठवड्यांत पूर्ण वाढते, त्यामुळे शेताच्या कडेचं तात्पुरतं डबकंही टाळू नका.

पाण्यातले शिकारी?

१ मिलिमीटर भोकांची चाळणी दांड्याला बांधा, काठच्या पाणवनस्पतीत दहा वेळा बुडवा, पांढऱ्या परातीत ओता. पोहणारे भुंगेरे, पाणविंचू, पाठीवर पोहणारे ढेकूण मिळतील. डिप्लोनिकस या ढेकणाच्या नराच्या पाठीवर मादीने चिकटवलेली अंडी असतात. फोटो काढा आणि त्याला परत सोडा. मोठा लेथोसेरस हातात धरू नका, त्याचा दंश दिवसभर ठणकतो.

अंडी आणि अळ्या मोजायच्या का, की फक्त प्रौढ?

मोजायच्या, पण वेगळ्या रकान्यात. पानाखाली केसाएवढ्या देठावर उभी असलेली क्रायसोपाची अंडी हे प्रौढापेक्षा खात्रीचं चिन्ह. प्रौढ दिवसा लपतो. अळ्या वाढवून पाहायच्या असतील तर प्रत्येकीला वेगळी कुपी द्या. दोन एकत्र ठेवल्या की सकाळी एकच उरते. जुन्या कागदांत या कीटकाचं नाव क्रायसोपर्ला कार्निया असं दिसेल. आपल्याकडचा आता क्रायसोपर्ला झास्ट्रोवी सिलेमी म्हणून नोंदवतात. नावं जुळत नाहीत म्हणून दोन जाती धरू नका.

खंडोबाचं फेसाळ, वाळून कडक झालेलं अंडकोश काडीसकट कापून जाळीच्या बरणीत ठेवता येतं. कधी त्यातून पिल्लांऐवजी लांब शेपटीच्या पोडाग्रिऑन माश्या निघतात. प्रयोग फसला असं वाटून बरणी रिकामी करू नका, ती स्वतंत्र नोंद आहे.

धुळीच्या ढेपळाला पाय फुटलेले दिसले तर थांबा. अकँथॅस्पिस या मारेकरी ढेकणाचं पिल्लू अंगावर माती आणि खाऊन झालेल्या मुंग्यांची कलेवरं लादून फिरतं. वरून पाहिलं तर कचरा, बाजूने पाहिलं तर सोंड.

फवारणी झालेल्या शेतात जावं का?

औषधाच्या वेष्टनावर दिलेला प्रवेशाचा कालावधी संपेपर्यंत नाही. निर्यातीची द्राक्षं-डाळिंब काढणारे बागायतदार फवारणीची वही ठेवतात. तारीख आणि औषध त्यातून उतरून घ्या. फवारणीनंतर तिसऱ्या आणि पंधराव्या दिवशीची मोजणी शेजारी-शेजारी ठेवली तर शेतकऱ्याला स्वतःच्या बागेबद्दल काहीतरी कळतं, आणि पुढच्या वेळी तोच फोन करून बोलावतो.

कीटक मारायलाच हवा का?

चतुर, खंडोबा, ओळखीचे ढालकिडे यांच्यासाठी चांगले फोटो पुरतात: वरून, बाजूने, चेहरा, आणि चतुराच्या पंखांच्या शिरा दिसतील असा एक. दरोडेखोर माश्या, लहान भुंगेरे आणि मुंग्या फोटोवरून जातीपर्यंत जात नाहीत, तिथे एका जागेहून दोन-तीन नमुने ठेवा, जास्त नकोत.

मऊ अंगाचे ७० टक्के अल्कोहोलमध्ये. डीएनएसाठी ठेवायचा असेल तर ९५ टक्के किंवा वर, आणि २४ तासांनी अल्कोहोल बदलायचं, कारण कीटकाच्या अंगातलं पाणी ते पातळ करतं. इथेनॉलला उत्पादन शुल्काचे नियम लागू होतात, म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेमार्फत घ्या. औषधाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल चालतं, पण नमुना ताठर होतो. हँड सॅनिटायझरची जेल फक्त फोटो काढताना कीटक स्थिर ठेवायला वापरा, साठवायला नाही. चतुरांना रंग टिकवायला रात्रभर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून मग कागदी पाकिटात वाळवतात. आगीपासून लांब, खिडकी उघडी ठेवून.

भुंगेऱ्याला टाचणी उजव्या पाठपंखातून, ढेकणाला पाठीवरच्या त्रिकोणाच्या उजवीकडून, माशीला छातीच्या उजवीकडून. मधोमध टोचली तर ओळखीला लागणारी खूणच मोडते. उजवी बिघडली तरी डावी शाबूत राहते, हा त्यामागचा हिशेब.

लेबलवर काय आणि कशाने लिहायचं?

देश, राज्य, जिल्हा, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, पद्धत, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना अक्षरी लिहा. ५/६ लिहिलं तर मे की जून हे दहा वर्षांनी कोणी सांगू शकत नाही. अल्कोहोलच्या कुपीत लेबल आत टाकायचं, पेन्सिलीने लिहून. बॉलपेनची शाई दोन दिवसांत विरघळते आणि कुपीत निळं पाणी उरतं.

ओळख कोण पटवून देतं?

आधी आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर फोटो टाका. अ‍ॅपने सुचवलेलं पहिलं नाव डोळे झाकून स्वीकारू नका. त्याने जास्त करून परदेशी फोटो पाहिलेले असतात. नमुन्यांसाठी पुण्याला आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. शेतीतल्या कीटकांसाठी बेंगळुरूचं राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो. डाळिंबावरच्या कीटकांबद्दल केगावचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र हाताशीच आहे. एकदम शंभर नमुने पाठवू नका. कुळानुसार वेगळे करून, उत्तम स्थितीतले दहा पाठवा.

खात्री नसेल तर कुळापर्यंत थांबा. ‘दरोडेखोर माशी, जात क्र. ३’ ही प्रामाणिक नोंद आहे, फक्त क्र. ३ चा एक नमुना किंवा फोटो कायम तोच राहायला हवा.

यादी पूर्ण झाली हे कसं ओळखायचं?

पूर्ण होत नाही, पण किती उरली याचा अंदाज बांधता येतो. ज्या जातींचा एकच कीटक मिळाला त्या मोजा, ज्यांचे दोनच मिळाले त्या मोजा. एकुट्यांच्या संख्येचा वर्ग करा, त्याला दुकट्यांच्या दुपटीने भागा आणि मिळालेल्या जातींत मिळवा. समजा ४६ जाती मिळाल्या, १२ एकुट्या, ६ दुकट्या. १४४ भागिले १२ म्हणजे १२, म्हणून अंदाज ५८ जातींचा, तोही कमीत कमी. याला चाओ-१ म्हणतात. एकुट्या निम्म्याच्या वर असतील तर आकडेमोड सोडा आणि पुन्हा रानात जा.

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर शिकारी कीटकांचे अभ्यास होतात. त्यांचा सोलापूरशी काय संबंध?

पद्धती त्याच. याद्या मात्र उचलता येत नाहीत. हवाई बेटांवर मूळची एकही मुंगी नव्हती. तिथे युपिथेसिया पतंगाच्या काही अळ्या पानं सोडून दबा धरून माश्या पकडू लागल्या. ख्रिसमस बेटावर बाहेरून आलेल्या पिवळ्या वेड्या मुंगीने लाल खेकड्यांचा फडशा पाडला. समुद्राने तोडलेल्या जागी एक शिकारी नसणं किंवा एक नवा येणं एवढं महाग पडतं.

आपल्याकडे समुद्र नाही, ऊस आहे. उजनीचं पाणी पोचलं तिथे फड पसरले आणि त्यांच्या मधे माळरानाचे तुकडे बेटांसारखे उरले. लहान आणि एकटं पडलेलं बेट कमी जाती सांभाळतं, हे बेटांच्या अभ्यासातून आलेलं गणित इथे ताडून पाहता येतं. म्हणून माळाची नोंद करताना तुकड्याचं क्षेत्र आणि शेजारच्या माळापर्यंतचं अंतर लिहा. उडणारा चतुर फड सहज ओलांडतो. न उडणारा अँथिया भुंगेरा ओलांडतो का, हे तुमच्या पेल्यांतूनच कळेल.

चावतात का? काय सांभाळायचं?

अँथिया म्हणजे काळ्या अंगावर सहा पांढरे ठिपके असलेला मोठा भुंगेरा. तो मागून आम्ल फवारतो, चेहरा जवळ नेऊ नका. फेरॉप्सोफस तर फट्‌ आवाज करून गरम फवारा सोडतो, बोटावर तपकिरी डाग राहतो. मारेकरी ढेकूण सोंड खुपसतात, चिमट्यानेच धरा. खरा धोका कीटकांचा नाहीच. मुरमाड माळावर दगडाखाली फुरसं आणि विंचू असतात. दगड पलीकडच्या कडेने स्वतःकडे उचलायचा, म्हणजे आतलं जे असेल ते तुमच्यापासून लांब पळतं. हात घालायचा नाही, काठीने किंवा आकड्याने उचलायचा. घोट्यावर येणारे बूट घाला आणि दगड होता तसा परत ठेवा.

पेटीतले नमुने दोन वर्षांत भुगा का होतात?

कोरड्या हवेमुळे बुरशी कमी लागते, पण डर्मेस्टिड भुंगेऱ्याच्या केसाळ अळ्या आणि मुंग्या पेटी साफ करतात. टाचणीच्या तळाशी बारीक तपकिरी पावडर दिसली की अळी आत आहे असं समजा. पेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लॅस्टिक उघडू नका, नाहीतर दव धरतं. नवीन नमुना पेटीत जाण्याआधी हेच करा. मुंग्यांसाठी टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.